यार्डातल्या वाघिणी : वर्णन की कथन?

संगणकावर आगगाडी चालवण्याच्या खेळाला साहित्यचर्चेच्या पानावर जागा का द्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे, की या खेळांत ‘सिनॅरिओ’ नावाचा जो भाग असतो तो कुणीतरी लिहिलेला असतो. गाडी कोणत्या स्थानकातून कधी निघणार, वाटेत कोणत्या गाडीला वाट द्यावी लागणार, कोणता सिग्नल तांबडा मिळणार, यार्डात कोणते डबे सोडायचे आणि कोणते जोडायचे, हे सारे एका लेखकाने आधी योजलेले असते. चालकाच्या आसनावर बसणारा तो वाचत जातो. लेखक अनेकदा हौशी असतो, मोबदला मिळत नाही आणि नावही फारसे होत नाही. तरीही निवड कशाची करायची, काय गाळायचे आणि वाचकाला किती वेळ थांबवून ठेवायचे, हे त्याच्यापुढचे प्रश्न कथालेखकाच्या प्रश्नांहून फार वेगळे नाहीत. गजबजलेल्या रेल्वे यार्डात हे प्रश्न टोकाला जातात, कारण तिथे चूक झाली की पडदा अडखळू लागतो आणि ती चूक कोणत्याही समीक्षकाच्या मदतीविना सर्वांना दिसते.

या खेळांशी परिचय नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे अगत्याचे आहे. २००१ साली ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ आला. तो ब्रिटनमधल्या कुजू या संस्थेने घडवला होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ‘ट्रेन्झ’ आला. २००७ मध्ये ‘रेल सिम्युलेटर’ आणि २००९ मध्ये त्याचाच पुढचा अवतार ‘रेलवर्क्स’ निघाला. मायक्रोसॉफ्टच्या खेळासाठी लोकांनी वर्षानुवर्षे खपून केलेले मार्ग, डबे आणि प्रसंग वाया जाऊ नयेत म्हणून काही हौशी मंडळींनी ‘ओपन रेल्स’ हा मुक्त कार्यक्रम लिहिला, त्याची १.० ही आवृत्ती २०१५ मध्ये आली. या सर्वांत मार्ग एकाने रचलेला असतो, इंजिने आणि डबे दुसऱ्या कुणी घडवलेले असतात आणि सिनॅरिओ तिसराच लिहितो. हा तिसरा माणूस आमच्या लेखाचा विषय आहे.

आम्ही स्वतः या तिसऱ्याच्या भूमिकेत काही काळ होतो, म्हणून अनुभवाचे एक उदाहरण देतो. मायक्रोसॉफ्टच्या मूळ खेळात अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातला मरायस खिंडीचा मार्ग होता. रॉकी पर्वत ओलांडणारी ही वाट ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी जॉन स्टीव्हन्स या अभियंत्याने १८८९ च्या डिसेंबरात, भर हिवाळ्यात, शोधून काढली. खिंडीची उंची ५,२१३ फूट. आज तो बीएनएसएफ या कंपनीचा मार्ग आहे. पूर्वेच्या सपाट प्रदेशातला गहू वाहून नेणाऱ्या लांबच लांब गाड्या त्यावरून पश्चिमेच्या बंदरांकडे जातात. आपल्याकडे कसाऱ्याला किंवा कर्जतला गाडीमागे बँकर इंजीन जोडतात, तसे या मार्गावर एसेक्स या ठिकाणी जोडण्याची परंपरा आहे. खिंडीच्या पश्चिमेला व्हाइटफिश आहे. तिथे गाड्यांचे कर्मचारी बदलतात, यार्ड आहे आणि शिकागोहून सिअ‍ॅटल व पोर्टलंडकडे जाणारी ‘एम्पायर बिल्डर’ ही प्रवासी गाडी थांबते.

या व्हाइटफिशच्या यार्डावर आम्ही ओपन रेल्ससाठी एक सिनॅरिओ लिहिला. संध्याकाळची वेळ, पूर्वेकडून आलेली धान्याची गाडी, यार्डात शिरून थांबायचे, लाकडाच्या काही वाघिणी सोडायच्या आणि रिकाम्या वाघिणी घेऊन निघायचे, एवढाच प्रसंग होता. परंतु यार्ड खरे वाटले पाहिजे या हट्टापायी आम्ही प्रत्येक लाइनवर वाघिणी उभ्या केल्या. सुमारे तीनशे झाल्या. त्या एकसारख्या दिसू नयेत म्हणून कितीतरी कंपन्यांच्या, रंगांच्या आणि काळांच्या वाघिणी गोळा केल्या. सहा इंजिने धूर सोडत उभी ठेवली. आमच्या संगणकावर ते दृश्य डौलदार दिसले, आणि अशा वेळी लेखकाला जो आनंद होतो तो आम्हांला झाला. मग एका स्नेह्यांना तो सिनॅरिओ पाठवला. ते एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतात आणि त्यांच्याकडे जुना लॅपटॉप आहे. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. खिंडीतून गाडी सुरेख उतरली, पण यार्डाच्या तोंडाशी आल्यावर पडदा सेकंदाला आठ-नऊ चित्रांवर आला. ब्रेक लावला तेव्हा गाडी कुठे होती आणि थांबली तेव्हा कुठे होती हे कळलेच नाही, असे त्यांनी लिहिले होते. म्हणजे ज्या ठिकाणी चालकाचे कौशल्य पणाला लागायचे होते, नेमक्या त्याच ठिकाणी आम्ही त्याचे डोळे झाकले होते.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा हवेत राहील. पडद्यावरची हालचाल सलग भासावी म्हणून सेकंदाला निदान तीस चित्रे लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. त्या अवधीत संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला गाड्यांची स्थिती ठरवायची असते आणि काय काय रेखाटायचे याच्या आज्ञा चित्रफलकाकडे, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे, धाडायच्या असतात. एक वाघीण ही एक आज्ञा नसते. सांगाडा, दोन बोगी, चाके, वरचा माल, अशा तिच्या प्रत्येक भागासाठी वेगळी आज्ञा लागू शकते. समजा पाच लागल्या, तर तीनशे वाघिणींच्या दीड हजार होतात, आणि सावल्या चालू असतील तर त्यांतल्या बऱ्याच पुन्हा द्याव्या लागतात. या खेळांतल्या बहुतेक जुन्या कार्यक्रमांत हे आज्ञा देण्याचे काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडते. मग ग्राफिक्स कार्ड कितीही महाग असो, ते आज्ञेची वाट पाहत बसून राहते. पाहणाऱ्याला वाटते, की वाघिणींची पहिली रांग मागच्या चार रांगा झाकते, तेव्हा मागच्यांचा भार पडत नसावा. पण डोळ्यांना जे दिसत नाही ते संगणक वगळतोच असे नाही. नजरेच्या कक्षेबाहेरचे तो वगळतो. नजरेच्या कक्षेतले परंतु आड दडलेले तो पुष्कळदा इमानेइतबारे रेखाटतो आणि मग झाकून टाकतो.

याखेरीज दोन भार आहेत. जोडलेल्या प्रत्येक डब्याचे वजन, कपलिंगचा ताण आणि ब्रेकच्या नळीतला दाब यांचे गणित चालू असते, आणि संगणकाने चालवलेल्या इतर गाड्यांना कोणता मार्ग द्यायचा याचाही हिशेब सतत चालतो. यार्डाच्या तोंडाशी, जिथे सगळ्या लाइनी सांध्यांतून एकत्र येतात, तिथे चार गाड्या एकाच वेळी वाट मागू लागल्या की हा हिशेब फुगतो. तिसरी गोष्ट स्मरणाची. वाघिणीचा प्रत्येक नवा प्रकार आपले स्वतंत्र आकार आणि रंगचित्रे घेऊन येतो, आणि गाडी यार्डाजवळ येताच ती डिस्कवरून उचलावी लागतात. अशा वेळी पडदा एकसारखा मंद होत नाही, मधूनमधून हिसका देतो. जुने कार्यक्रम ३२ बिटांचे असल्याने त्यांना चार गिगाबाइटांपलीकडे स्मरण वापरताच येत नसे. ‘रेलवर्क्स’च्या वंशातल्या ‘ट्रेन सिम्युलेटर’ला ६४ बिटांची आवृत्ती २०१८ मध्ये मिळाली. तोवर गच्च यार्डात पोहोचताच खेळ बंद पडणे हा अनेकांचा नित्याचा अनुभव होता.

यावर जो उपाय नेहमी सुचवला जातो तो खेळणाऱ्याने करायचा असतो. सावल्या बंद करा, दृष्टीचे अंतर कमी करा, झाडे विरळ करा, आणि शेवटी, नवा संगणक घ्या. यांतले काही उपाय खरोखर लागू पडतात, आणि त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आमचे म्हणणे असे, की गजबजलेल्या यार्डाचा प्रश्न प्रथम लेखकाचा आहे. कादंबरीचे पन्नासावे पान वाचता येत नसेल तर वाचकाला चष्म्याचा नंबर बदलायला सांगणे शोभत नाही. त्यापूर्वी लेखकाने ते पान पुन्हा लिहून पाहिले पाहिजे.

पुन्हा लिहायचे म्हणजे नुसते कापायचे का? इथे आम्हांला ग्यॉर्ग लुकाच यांच्या १९३६ सालच्या निबंधाचा आधार घ्यावासा वाटतो. कथन करावे की वर्णन करावे, असा प्रश्न त्या निबंधाच्या शीर्षकातच आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो परिचित असतो. लुकाच दोन घोडशर्यती समोर ठेवतात. एक झोलाच्या ‘नाना’ या कादंबरीतली, दुसरी टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’तली. झोलाची शर्यत बारकाव्यांनी ओतप्रोत आहे. घोडे, खोगिरे, प्रेक्षक, पैजा, काहीही सुटलेले नाही. पण ती कादंबरीतून काढून टाकली तर कथानकाचे फारसे बिघडत नाही, कारण नायिकेशी तिचे नाते जिंकणाऱ्या घोडीच्या नावापुरतेच आहे. टॉलस्टॉयच्या शर्यतीत व्रॉन्स्की पडतो, घोडी मरते, अ‍ॅनाला आपली घालमेल लपवता येत नाही, आणि तिच्या नवऱ्यापुढे सारे उघडे पडते. तिथला प्रत्येक तपशील कुणाच्या तरी नशिबाला जोडलेला आहे. झोलावर लुकाच यांनी केलेला हा आरोप किती न्याय्य, हा वेगळा वाद. पण त्यांनी हाती दिलेली कसोटी यार्डाला चपखल लागू पडते: तपशील किती आहेत हे पाहू नका, ते कुणाच्या कृतीत गुंतले आहेत का ते पाहा.

आमच्या यार्डातल्या तीनशे वाघिणींना आम्ही ही कसोटी लावली. चालक ज्या लाइनवर शिरणार होता तिच्या दोन्ही बाजूंच्या वाघिणी त्याच्या कृतीत होत्या, कारण त्यांच्यामुळे त्याला पुढचे वळण उशिरा दिसणार होते. ज्या वाघिणी सोडायच्या आणि ज्या घ्यायच्या, त्या तर प्रसंगाचा विषयच होत्या. सांध्याच्या अगदी जवळ उभी असलेली एक रांग महत्त्वाची होती, कारण तिच्यामुळे शंटिंगला जागा अपुरी पडून दोनदा मागेपुढे करावे लागणार होते. बाकीच्या दोनशेंना कुणाशीच देणेघेणे नव्हते. त्या ‘खरे वाटावे’ म्हणून उभ्या होत्या. आम्ही यार्डाचे वर्णन केले होते, यार्डाची गोष्ट सांगितली नव्हती.

पुनर्लेखनात काय केले ते सांगतो, म्हणजे कुणाला उपयोग झाला तर होईल. प्रथम मोजमाप. ओपन रेल्समध्ये एफ-५ या कळीने सेकंदाला किती चित्रे पडतात आणि प्रोसेसरवर किती भार आहे हे पडद्यावरच दिसते. खेळ लहान खिडकीत, कमी रेखीवतेने चालवून पाहिला. चित्रसंख्या वाढली नाही, त्यावरून अडचण ग्राफिक्स कार्डाची नसून आज्ञांची आहे हे उघड झाले. मग मागच्या, पहिल्या रांगेआड दडणाऱ्या लाइनी रिकाम्या केल्या. चालकाच्या उंचीवरून पाहता त्यांची उणीव भासत नाही. हे ठरवताना इंजिनाच्या खिडकीतून पाहिले पाहिजे, यार्डावर घिरट्या घालणाऱ्या कॅमेऱ्यातून नव्हे. लेखक नेहमी वरून पाहतो, वाचक खालून, आणि अनावश्यक तपशिलाचा मोह बहुधा त्या वरच्या नजरेतून होतो.

दुसरा बदल वाघिणींच्या प्रकारांत केला. तीसेक प्रकार होते, त्यांचे सहा केले, आणि त्यांतले चार चालकाच्या स्वतःच्या गाडीत असलेलेच घेतले. ते आधीपासून स्मरणात असल्यामुळे यार्डाजवळ येताना बसणारे हिसके जवळजवळ थांबले. एकाच प्रकारच्या वाघिणी सलग उभ्या राहिल्याने दृश्य खोटे वाटेल ही भीती निराधार ठरली. धान्याच्या यार्डात एकसारख्या वाघिणींची रांगच खरी असते. विविधतेचा सोस आमचा होता, व्हाइटफिशचा नव्हता. तिसरे, लांबून पाहताना साधा आकार आणि जवळून पाहताना तपशीलवार आकार, असे टप्पे ज्या वाघिणींच्या रचनेत होते त्याच ठेवल्या. काही हौशी कारागीर प्रत्येक खिळा घडवतात, पण दोनशे मीटरांवरून तो खिळा रेखाटायची गरज नाही हे संगणकाला सांगायला विसरतात. चौथे, उभ्या असलेल्या सहा इंजिनांपैकी पाच बंद केली, कारण धूर, दिवे आणि आवाज हे दिसते त्याहून महाग असतात. पाचवे, संगणकाने चालवायच्या गाड्या एकाच वेळी न सोडता अंतराने सोडल्या, आणि ज्यांचे काम संपले त्यांना यार्डात रेंगाळू न देता पुढे काढून दिले. शेवटी एकशे दहा वाघिणी उरल्या. स्नेह्यांच्या लॅपटॉपवर तेच यार्ड पंचविसाच्या आसपास चित्रांनी चालू लागले. हे काही वैभव नव्हे, पण ब्रेक कुठे लावावा हे आता डोळ्यांना कळत होते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की तुमची कसोटी फार कोरडी आहे. ज्याचा उपयोग नाही ते सारे गाळले तर यार्ड राहणार नाही, उरेल फक्त बुद्धिबळाचा पट. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. रोलाँ बार्थ यांनी १९६८ मध्ये ‘वास्तवाचा परिणाम’ या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. फ्लोबेअरच्या ‘साधे हृदय’ या कथेत मादाम ओबँ यांच्या पियानोच्या वर एक वायुदाबमापक टांगलेला आहे. कथेत त्याचे काहीही काम नाही. बार्थ यांचे निरीक्षण असे, की असे निरुपयोगी तपशील कशाचा अर्थ सांगण्यासाठी नसतात. हे वास्तव आहे, एवढेच ते सुचवतात. म्हणजे निरुपयोगी असणे हाच त्यांचा उपयोग. यार्डाच्या टोकाला गवतात रुतलेली एक गंजकी वाघीण कुणाच्याही कृतीत नसते, परंतु तिच्याशिवाय यार्ड कालच बांधल्यासारखे वाटते. तेव्हा आमच्या एकशे दहांत अशा बारा-पंधरा वाघिणी आम्ही जाणूनबुजून ठेवल्या.

पण हेही ध्यानात घ्यावे, की फ्लोबेअरने एकच वायुदाबमापक टांगला. त्या भिंतीवर तीनशे असते तर ते वास्तव न वाटता दुकान वाटले असते. पूर्णतेच्या मार्गाने वास्तव गाठता येत नाही, याचा पुरावा खुद्द रेल्वेच देते. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅट येथे युनियन पॅसिफिकचे बेली यार्ड आहे. जगातले सर्वांत मोठे यार्ड म्हणून ते ओळखले जाते; क्षेत्र २,८५० एकर, लांबी सुमारे आठ मैल. तिथे काम करणारा माणूसदेखील ते संपूर्ण पाहत नाही. तो आपली लाइन, आपला सांधा, आपल्यापुढचा दिवा पाहतो. बाकीचे त्याला आवाजातून आणि अंदाजातून कळते. संपूर्ण यार्ड एका नजरेत असणे ही स्थिती वास्तवात कुणाच्याच वाट्याला येत नाही. मग चालकाला ती देण्यासाठी संगणक का दमवायचा?

आणि झोलावर फार अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याच्या ‘ला बेत ह्युमेन’ या १८९० सालच्या कादंबरीची सुरुवात पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकाच्या यार्डाने होते. ही कादंबरी लिहिण्यापूर्वी तो इंजिनावर उभा राहून पॅरिसहून मांतपर्यंत गेला होता. एवढी तयारी असूनही त्या आरंभीच्या दृश्यात तो डबे मोजत नाही. लहानसे शंटिंगचे इंजीन लगबग करते आहे, एक मोठे इंजीन स्तब्ध उभे आहे, आणखी एक शिट्या देऊन वाट मागते आहे. मोजक्या इंजिनांत आणि त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात सारे यार्ड उभे राहते. शिवाय हे सारे एक माणूस खिडकीतून पाहतो आहे, आणि तो बायकोची वाट पाहतो आहे. ती उशीर करते आहे, आणि त्या उशिरातून पुढचा अनर्थ घडणार आहे. इथे वर्णन आणि कथन यांचा झगडा मिटलेला दिसतो. सिनॅरिओ लिहिणाऱ्याने शिकावे ते या पानांपासून, असे आम्हांला वाटते: गर्दी म्हणजे डब्यांची संख्या नव्हे, एकमेकांच्या वाटेत येणाऱ्या हालचाली म्हणजे गर्दी. तीन गाड्या एका सांध्यासाठी थांबल्या असतील तर यार्ड गजबजलेले वाटते. तीनशे वाघिणी नुसत्या उभ्या असतील तर ते गोदाम वाटते.

काटकसरीच्या या मार्गात मात्र एक धोका आहे, आणि लेखाचा खरा मुद्दा तोच असल्याने त्यावर थोडे थांबतो. भार हलका करायचा ठरले की सर्वांत आधी माणसे जातात. या खेळांतल्या यार्डांत माणसे आधीच नगण्य असतात. कपलिंग एका कळीने सुटते. डब्यांचे हँडब्रेक पडद्यावरच्या चौकटीत बोट टेकवून सैल होतात. सांधा नकाशावरून फिरतो. खऱ्या यार्डात यातले प्रत्येक काम करण्यासाठी कुणीतरी हातात दिवा घेऊन चालत जातो. थंडीत, पावसात, दोन डब्यांच्या मध्ये शिरतो. मराठीत आपण त्याला सांधेवाला म्हणतो, शंटिंग जमादार म्हणतो. शंटिंगमध्ये डब्यांच्या मध्ये सापडून माणसे दगावण्याचा रेल्वेचा इतिहास जगभर लांबलचक आहे. खेळात या माणसाच्या चालण्याला वेळ लागत नाही, म्हणून त्याचे असणे जाणवत नाही. आम्ही यार्डातल्या वाघिणी वाचवण्यासाठी धडपडलो आणि या माणसाची आठवण आम्हांला फार उशिरा झाली, हे कबूल केले पाहिजे.

त्याला परत कसा आणायचा? चालता-बोलता पुतळा उभा केला तर पुन्हा भार वाढतो, आणि पुतळा तो पुतळाच. आम्ही वेगळे केले. वाघिणी सोडल्यानंतर पुढच्या सूचनेपर्यंत काही मिनिटे जाऊ दिली. लिखित सूचनेत एवढेच म्हटले, की सहकारी शेवटच्या वाघिणीपर्यंत चालत गेला आहे, हँडब्रेक कसून परत येईपर्यंत इंजीन हलवू नये. पडद्यावर काही घडत नाही. संगणकाला या माणसाचा काडीचाही भार पडत नाही. पण चालक थांबतो, आणि त्या थांबण्यात एक माणूस यार्डाच्या अंधारातून चालत जातो आणि परत येतो. साहित्याला ही युक्ती नवी नाही. जे दाखवता येत नाही, त्याला वेळ देऊन ते असल्याचे जाणवून देणे, हे आपण कथेत सतत करतो. इथे तिची किंमत आकड्यांत मोजता आली, इतकेच.

म्हणून आमचे मत असे, की गजबजलेल्या यार्डाचा सिनॅरिओ सुधारताना दोन वेगवेगळ्या प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नये. संगणकाला काय जड जाते हा एक प्रश्न, आणि प्रसंगाला काय आवश्यक आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोजमापाने मिळते. आज्ञा, प्रकार, धूर, सावल्या यांचा हिशेब मांडता येतो. दुसऱ्याचे उत्तर लेखकाला स्वतः द्यावे लागते. नुसत्या पहिल्या प्रश्नावर भिस्त ठेवली तर यार्ड जलद चालते पण ओसाड होते. दुसऱ्याच्या नावाखाली पहिल्याकडे दुर्लक्ष केले तर ते लेखकाच्या स्वतःच्या महागड्या संगणकापुरते उरते, आणि तालुक्याच्या गावचा वाचक दाराबाहेर राहतो. आपल्या लेखनाला किती सामर्थ्यवान वाचक लागतो हा प्रश्न दुर्बोधतेच्या वादात मराठीत पुष्कळदा विचारला गेला आहे. तो इथे वेगळ्या वेषात समोर येतो, आणि इथे दुर्बोधतेला खोलीचे नाव देण्याची सोय नाही.

शिक्षक मित्रांसाठी एक सूचना करून थांबतो. वास्तववाद शिकवताना वर्गाला एखाद्या यार्डाचा आराखडा द्यावा. एखाद्या जंक्शनजवळच्या महाविद्यालयाला तो शोधायला लांब जावे लागणार नाही. सोबत शंभर वाघिणी द्याव्यात, एक गाडी द्यावी आणि सांगावे, की यातल्या साठ काढून टाका, पण उरलेल्या चाळिसांतून यार्ड आधीपेक्षा अधिक गजबजलेले वाटले पाहिजे. संगणक नसला तरी चालेल, फळा पुरे. कोणती वाघीण ठेवली आणि का, याचे प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वाक्यांत कारण लिहावे. आमच्या स्नेह्यांनी हा प्रयोग वर्गात करून पाहायचे ठरवले आहे. नव्या सिनॅरिओबद्दल लिहिताना चित्रसंख्येचा उल्लेख त्यांनी पत्राच्या शेवटी, ओझरता केला. आधी लिहिले होते ते असे, की तो माणूस परत यायला फार वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्यांनी खिडकीतून दोनदा मागे वळून पाहिले.